एडिप्सोसचे ऊन पाणी

ग्रीसला जाणारे बहुतेक प्रवासी अथेन्सचा पार्थेनॉन आणि एजियन समुद्रातील शुभ्र बेटे पाहून परततात. आम्ही उभयतांनी मात्र आठ दिवस एव्हिया बेटाच्या उत्तर भागातील लुत्रा एडिप्सू या गावी काढले. कारण साधे होते : सौभाग्यवतींचे गुडघे. दोन वर्षांपूर्वी हाती काठी आली आणि तेव्हापासून त्यांनी बडोद्यातील लग्नकार्येही टाळली होती. ‘लोक काय म्हणतील’ हे दुखणे गुडघ्यांहून अवघड!

अथेन्सहून बसने अर्कित्सा बंदर, तेथून बोटीने सुमारे पाऊण तास. येथील काही झऱ्यांचे पाणी सत्तर अंशांहून अधिक उष्ण. ते खडकांवरून थेट समुद्रात उतरते आणि मागे क्षारांचे पिवळे-तांबूस थर ठेवते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन सेनानी सुल्ला पायांच्या व्याधीसाठी येथे येऊन राहिला, असे प्लुटार्क सांगतो. सुल्लाच्या नावाचे भव्य हॉटेल समुद्रकाठी उभे आहे. त्याचे दर पाहून आम्ही मागच्या गल्लीतील जुन्या, स्वस्त हॉटेलात उतरलो. खोली लहान, पलंग कुरकुरणारे. परंतु तळघरात स्नानाचे टब होते आणि त्यांत निववून सोडलेले झऱ्याचेच पाणी. श्रीमंतीने फक्त टॉवेल अधिक मऊ होतो, पाणी नव्हे!

स्नानाची शिस्त कडक. वीस मिनिटांहून अधिक बसायचे नाही. नंतर चादर पांघरून स्वस्थ पडायचे. पहिल्याच दिवशी सौ. म्हणाल्या, “अहो, हे तर आपले उनाईच की!”

सोबतीला होती ती ग्रीक पेन्शनर मंडळी. न्याहारीला पाव, चीज, ऑलिव्ह आणि मध; संध्याकाळी समुद्रकाठी कॉफी. भिंतीशी काठ्यांची रांगच लागे. एका वृद्धेने स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारले, “पोनाई?” म्हणजे, दुखते का? सौ. नी मान डोलावली. “सिगा-सिगा,” ती म्हणाली : हळूहळू. दोघी काठ्या टेकीत धक्क्यापर्यंत गेल्या. मी मागेच थांबलो. दोन वर्षांत प्रथमच त्यांना माझ्या हाताची गरज भासली नव्हती.

वाचक विचारतील, गुडघे बरे झाले का? नाही. ऊब मिळाली, आखडलेपणा काही दिवस सैलावला. झिजलेले हाड पाण्याने भरून येत नाही. परंतु परतल्यावर पुतणीच्या लग्नात सौ. पहिल्या रांगेत बसल्या आणि काठी खुर्चीला उघड टेकवून ठेवली.