सहीचा क्षण

भ्रमणध्वनीच्या उभ्या पडद्यावर दिसणाऱ्या लघुप्रेमनाटिकांत विवाह हा कथेचा शेवट नसून प्रारंभ असतो. एकदोन मिनिटांच्या पहिल्याच भागांत घरच्यांनी अवमानित केलेली नायिका अनोळखी पुरुषाशी तडकाफडकी लग्न करते, करारपत्रावर सही करते. पुढे तो पुरुष मोठ्या घराण्याचा वारस निघतो. मग सासू, दीर, चुलते यांच्यातील वारसाहक्काची झुंज हाच खरा कथाविषय होतो. चीनमध्ये रूढ झालेला हा साचा आता भारतीय भाषांतही रुळला आहे. त्याला ‘पलायनवादी’ ठरवून समीक्षा सहसा मोकळी होते.

भिवंडीजवळच्या दापोडे येथे पन्नाशीतली एक स्त्री दुपारी ओट्यावर बसून या नाटिका पाहते. समोर गोदामांची रांग आहे; त्यांतले एक तिच्या वडिलांच्या भातशेतावर उभे आहे. तिचे लग्न मे १९९४ मध्ये आठ दिवसांत ठरले आणि झाले. धवलारिणीने धवले गायिले. तिला मात्र कोणी काही विचारले नाही. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती २२ जून १९९४ रोजी अमलात आली. परंतु त्याआधी विवाह झालेल्या मुली तीतून वगळल्या होत्या. महिन्याभराच्या अंतराने ती हक्काबाहेर राहिली. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची ही अट उरली नाही. वाटण्या झालेल्या नव्हत्या. गोदामाचा व्यवहार ठरताच भावांनी हक्कसोडपत्र पुढे केले. माहेर तुटू नये म्हणून तिने सही केली.

आकस्मिक विवाह आणि घरातील सत्ता यांचा संबंध मराठी साहित्याला नवा नाही. तेराव्या शतकातील महदंबेच्या धवळ्यांचा विषय रुक्मिणीचा विवाह आहे. या कथेत थोरला भाऊ रुक्मी वडिलांची इच्छा डावलून शिशुपालाशी सोयरीक ठरवतो. रुक्मिणी स्वतः श्रीकृष्णाकडे निरोप धाडते. हरण आकस्मिक असते ते इतरांना. तिच्या लेखी ती योजना असते. देवलांच्या ‘शारदा’त (१८९९) मात्र घाई बापाच्या लोभाची आहे, आणि ते लग्न मोडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर, शारदेच्या नकारावर नव्हे. तेव्हा प्रश्न विवाहाच्या आकस्मिकतेचा नसून ती कोणाच्या हाती आहे, हा आहे.

लघुनाटिका या दोहोंच्या मधे उभी आहे. तिची नायिका सही स्वतः करते, परंतु कशावर करते हे तिला ठाऊक नसते. लाभ तिला योगायोगाने होतो. तिला मिळालेली सत्ता नवऱ्याच्या नावातून येते, तिच्या हक्कातून नव्हे. या प्रकाराची खरी मर्यादा इथे आहे, स्वप्नरंजनात नाही.

दापोड्यातील प्रेक्षक स्त्री नाटिकेतला वाडा किंवा मोटारी पाहत नाही. कागद पुढे सरकवला जातो तो भाग ती बोटाने मागे नेऊन पुन्हा पाहते. नायिकेने कागद वाचला की नाही, एवढेच तिला पाहायचे असते.