बैठकीचे माप

कपडे शिवताना माप घेतले जाते ते उभ्या माणसाचे. पण आपले निम्मे आयुष्य बसण्यात जाते. ही साधी गोष्ट आम्हांला उमगली ती वडिलांच्या विजारीच्या निमित्ताने.

आमचे वडील येळ्ळूरचे. राजहंसगडाच्या पायथ्याशी भातशेती करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि धोतराखेरीज दुसरे वस्त्र त्यांनी कधी नेसले नाही. ऐंशी उलटल्यावर हात थरथरू लागले, कासोटा सुटू लागला. तेव्हा आम्ही बेळगावच्या बाजारातून एक तयार विजार आणली. कंबर मोठी, पाय रुंद. आम्ही कृतकृत्य झालो. पुढे नवरात्रात चांगळेश्वरीच्या देवळात भजनाला गेलो, तेव्हा वडील खांबाला टेकून उभेच राहिले. त्यानंतर ते देवळात जाईनासे झाले. कधी पावसाचे निमित्त, कधी खोकल्याचे. मांडी घालू गेले की विजार गुडघ्यांशी आवळते आणि मागून खाली ओढली जाते, हे त्यांनी आम्हांला सांगितले नाही. सांगितले ते आईला, आणि आईने आम्हांला, दोन महिन्यांनी.

गल्लीतील वृद्ध शिंप्याने ती विजार उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, ‘‘कापड लई हाय, पर पाहिजे तिथं न्हाई. बाबांस्नी बसवून माप घ्यायला पाहिजे.’’ त्याने वडिलांना चौरंगावर बसविले आणि कमरेपासून चौरंगापर्यंतची उंची फितीने मोजली. वर दोन इंच सैलपणासाठी धरले. जुन्या बेताच्या लेंग्यात दोन्ही पाय सरळ कापतात आणि त्यांच्या सांध्यात एक चौकोनी तुकडा कोनावर बसवितात. मांडी घालताना ताण पडतो तो नेमका तेथे, आणि तो तुकडा उलगडून तो ताण सोसतो. सैल आणि ढगळ यांतील भेद तो एवढाच.

हा बेत काही नवा नव्हे. विजार हा शब्द अरबी ‘इजार’वरून आला, पायजमा म्हणजे फारसीत पायांचे वस्त्र, आणि सुरवार ही ‘शलवार’च. घोड्यावर बसणाऱ्यांनी आणि जमिनीवर बैठक मारणाऱ्यांनी ही वस्त्रे घडविली. त्यांना बसता येणे हा त्यांचा मूळ धर्म आहे.

मग कापडाचा प्रश्न आला. टेरिकॉट टिकाऊ खरे, पण घाम शोषीत नाही. मलमल अंगाला चिकटते. ड्रिल घडीला नमत नाही. आम्ही मध्यम पोताची खादी निवडली. ३६ इंच पन्ह्याचे अडीच मीटर घेतले. १९२४ साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, १९३७ साली ते हुदलीस येऊन राहिले. या मुलखात खादी परकी नाही. कापड घेऊन आम्ही तडक शिंप्याकडे गेलो, तर त्याने ते तसेच परत दिले. ‘‘आधी रातभर भिजवा.’’ भिजवून वाळविले तेव्हा ते चार बोटे आटले होते. तसेच शिवले असते तर पहिल्या धुण्यातच लेंगा घोट्याच्या वर चढला असता. बेतताना त्याने कापडाचा उभा धागा पायाच्या लांबीत धरला. तो तिरपा गेला तर पाय पिळत जातो. नेफ्यात इलॅस्टिक न घालता रुंद नाडी घातली, थरथरत्या बोटांना धरता येईल अशी.

पुढच्या भजनाला वडील आमच्या आधी निघाले. देवळात गेले, हात टेकून हळूहळू खाली बसले, मांडी घातली आणि टाळ मागितले. आम्ही मात्र त्यांच्या मागे खांबाला टेकून उभे होतो. आमची शहरी विजार काही वाकेना. वडिलांनी एकदा वळून पाहिले, आमच्या गुडघ्यांकडे नजर टाकली आणि हसले. दुसऱ्या दिवशी आम्हीही त्या चौरंगावर जाऊन बसलो.