डोडोच्या देशात मूळचं कोण?

बीच, हनिमून आणि शाहरुखछाप फोटो... मॉरिशसची ओळख एवढीच? तिथल्या नोटेवर, पासपोर्टवर, सरकारी गेटवर मिरवणाऱ्या चिन्हांच्या मागे लागलं की हा एवढासा देश भलतेच प्रश्न विचारायला लागतो.

मॉरिशस म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, पांढरी वाळू, मेंदी लावलेले हात आणि ऑफिसमधल्या कुणाच्या तरी हनिमूनचे चारशे फोटो. बरोबर ना? माझंही तेच होतं. मुंबईहून साधारण सहा तासांची फ्लाइट, व्हिसाची फारशी कटकट नाही, आणि ‘चल ना यार’ म्हणत मैत्रिणीने लावलेला लकडा. बॅग भरली, निघाले.

खरं सांगायचं तर मी पुण्यातून पळाले होते. दोन महिने भाड्याचा फ्लॅट शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी भाड्याआधी एकच प्रश्न. ‘मूळच्या कुठल्या?’ मी इंदूरची. म्हणजे मराठीच, पण इंदूरची. खापरपणजोबा होळकरांच्या चाकरीत तिकडे गेले ते तिकडचेच झाले. इंदुरात आम्ही ‘महाराष्ट्रियन’, आणि पुण्यात? ‘तुमच्या मराठीला जरा हिंदीचा वास येतो हं!’ एका मालकीणबाई हसत हसत म्हणाल्या होत्या. फ्लॅट मिळाला नाही हे सांगायलाच नको.

तर मॉरिशस. पहिल्याच दिवशी मी अडकले ती बीचवर नाही, नोटेवर. विमानतळावर पैसे बदलून घेतले, नोट उजेडात धरली (आईची सवय, दुसरं काय!) आणि वॉटरमार्कमधून एक जाडजूड चोचीचा पक्षी माझ्याकडे बघायला लागला. डोडो! जोडीला इंग्रजी, तमीळ आणि चक्क देवनागरी अक्षरं. परदेशी नोटेवर ‘रुपया’ वाचताना काय गंमत वाटते म्हणून सांगू.

ढालीशेजारचे दोघे

मग हा डोडो पाठच सोडेना. टी-शर्टवर डोडो, फ्रिज मॅग्नेटवर डोडो, आणि सगळ्यात भारदस्त म्हणजे देशाच्या राष्ट्रचिन्हात डोडो. हे चिन्ह १९०६ सालचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ते बदललं नाही. मध्ये चार भागांची ढाल. एका भागात सोनेरी जहाज, दुसऱ्यात तीन ताडमाड, तिसऱ्यात लाल किल्ली आणि चौथ्यात पांढरा तारा. खाली लॅटिनमधलं ब्रीदवाक्य, ज्याचा अर्थ ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला. त्याआधी युरोपातून भारताकडे निघालेली जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची आणि वाटेत हे बेट ज्याच्या हातात, त्याची चंगळ. किल्ली ती हीच.

पण मला रस होता तो ढालीच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या जोडीत. एकीकडे डोडो, दुसरीकडे आपल्या सांबराच्या जातकुळीतलं हरीण, आणि दोघांपाशी उसाचं एकेक कांडं.

आता जरा हिशेब करा. हरीण कुठलं? डचांनी १६३९ मध्ये जावा बेटावरून आणलेलं. ऊस? तोही त्याच सुमारास तिथूनच आणलेला. जहाज तर बाहेरचंच असणार. आणि माणसं? १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा या बेटावर वस्तीच नव्हती. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होतं, पण राहिलं कुणीच नाही. मग डच आले, फ्रेंच आले, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले, इंग्रज आले, भारतातून मजूर आले, चीनमधून व्यापारी आले. सगळे बोटीने.

म्हणजे ढालीशेजारच्या दोघांत मूळचा असा एकटा डोडोच. आणि तोच उरला नाही.

न्हाव्याने शोधलेला सांगाडा

राजधानी पोर्ट लुईच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये डोडोचा सांगाडा आहे. जगात डोडोची हाडं बऱ्याच ठिकाणी आहेत, पण बहुतेक सांगाडे पाच-पंचवीस पक्ष्यांची हाडं जुळवून उभे केलेले. हा मात्र एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण. आणि तो शोधला कुणी? कुठल्या प्रोफेसरने नाही, तर एतिएन थिरिऊ नावाच्या न्हाव्याने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. केस कापून उरलेल्या वेळात हा गृहस्थ डोंगरकपारीत हाडं शोधत हिंडायचा. त्याआधी १८६५ मध्ये आग्नेयेकडच्या मार ओ साँज नावाच्या दलदलीत डोडोच्या हाडांचा मोठा साठा सापडला होता. ही जागा आजच्या विमानतळाच्या अगदी जवळ आहे. आपण उतरतो तिथेच म्हणा ना!

डोडो मूर्ख होता म्हणून संपला, असं आपण लहानपणी वाचलेलं असतं. काचेपलीकडची ती हाडं बघताना ते पटेना. त्या बेटावर त्याला खाणारं कुणी नव्हतंच. उडायची गरज पडली नाही, पळायची सवय लागली नाही. मग जहाजातून उंदीर, डुकरं आणि माकडं उतरली, जमिनीवरची अंडी फस्त झाली, जंगल तुटलं. १६६२ मध्ये तो शेवटचा दिसल्याची खात्रीलायक नोंद सापडते. पाहुणे आल्यापासून शंभर वर्षांच्या आत खेळ खल्लास.

विचार करा, वाघ, सिंह, गरुड मिरवायचे सोडून एखादा देश आपल्या दारावर असा पक्षी लावतो. इंग्रजांनी तो केवळ नवलाई म्हणून लावला असेलही. पण स्वतंत्र झाल्यावर या लोकांनी तो काढला नाही. मला तरी तो कबुलीजबाबासारखा वाटला.

सोळा पायऱ्या आणि एक काका

पोर्ट लुईतच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली. आठ-आठ, दहा-दहा आठवडे बोटीत काढलेली माणसं धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढून डेपोत शिरायची. १९२० पर्यंत साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. प्रत्येकाला एक नंबर. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पायऱ्या दिसायला अगदी साध्या आहेत. आपल्या कुठल्याही जुन्या घाटावर शोभतील अशा.

या मजुरांत बिहारी, तमीळ, तेलुगू होते, तसे मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. आमचा टॅक्सीवाला त्यांच्यापैकीच निघाला. पन्नाशीचा, गाडीत गणपती, रेडिओवर फ्रेंच गाणी. मी त्याला ‘काका’ म्हटलं तर खूश! ‘आमच्याकडे तोंतों म्हणतात,’ म्हणाला. बोलणं बरंचसं इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द. आरती मात्र त्याने अख्खी म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. (माझी तिसऱ्या कडव्याला नेहमी गाडी अडते.)

आणि मग मी, हो मीच, त्याला तो प्रश्न विचारला. ‘काका, मूळचे कुठले तुम्ही?’

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. ‘पूजेला मराठी, घरात क्रेओल, बँकेत फ्रेंच, फुटबॉल असलं की मॉरिशियन. यातलं मूळचं कुठलं, तुम्हीच सांगा.’

गप्प बसले. दुसरं काय करणार?

चार पट्टे, एक भांडण

इथला झेंडा म्हणजे चार आडवे पट्टे. लाल स्वातंत्र्याच्या झगड्याचा, निळा समुद्राचा, पिवळा स्वातंत्र्याच्या उजेडाचा, हिरवा शेतीचा. स्वातंत्र्यदिन १२ मार्च. गांधीजी दांडीयात्रेला निघाले तीच तारीख, मुद्दाम निवडलेली. सुट्ट्यांची यादी तर ऑफिसवाल्यांनी बघूच नये, जळफळाट होईल. गणेश चतुर्थी, थैपुसम, उगादी, ईद, ख्रिसमस, चिनी नववर्ष, सगळं आहे. १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आठवण, २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची.

सगळं गोडगुलाबी आहे असं मात्र समजू नका. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमीळच्या वर हिंदी छापली गेली आणि तमीळ समाज भडकला. एका ओळीचा वर-खाली फरक! अखेर त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने नव्या काढाव्या लागल्या. कोण आधी आलं, कोण वर, कोण खाली... बोटीतून उतरल्यावरही हे प्रश्न माणसाला सोडत नाहीत.

कर्णफूल आणि ससाणा

शेवटच्या दिवशी नैर्ऋत्येकडच्या ल मॉर्न डोंगराकडे गेलो. पळालेले गुलाम या उभ्या कड्यांत लपून राहायचे. गुलामगिरी रद्द झाल्याची बातमी सांगायला शिपाई वर आले, तेव्हा आपल्याला धरायला आलेत असं वाटून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा सांगतात. याच डोंगरावर मॉरिशसचं राष्ट्रीय फूल रानात उगवतं. स्थानिक नावाचा अर्थ ‘कानातलं’. लालचुटूक, खाली झुकलेलं, आणि आतला मधही लाल. जगात दुसरीकडे कुठेच ते रानात फुलत नाही. आम्हाला दिसलं नाही. दिसेलच असं नसतं, असं गाइड शांतपणे म्हणाला.

त्याने आकाशात मात्र एक ठिपका दाखवला. मॉरिशस केस्ट्रेल. छोटा ससाणा, देशाचा राष्ट्रीय पक्षी. १९७४ मध्ये जगात याचे फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती. डोडोच्याच वाटेने निघाला होता म्हणा ना. मग कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण आला, पुढे इथलाच झाला. अंडी उबवून, पिल्लं हाताने वाढवून ती रानात सोडली गेली. आज हे पक्षी काही शेकड्यांत आहेत. मूळच्या पक्ष्याला वाचवणाऱ्यांत एक बाहेरून आलेला पोरगा होता, हे मला फार आवडलं.

पुण्यात परत आल्यावर पुढच्याच आठवड्यात फ्लॅट बघायला गेले. मालकांनी चहा दिला, ऑफिस विचारलं, आणि मग ठरलेला प्रश्न आलाच. ‘मूळच्या कुठल्या?’

‘इंदूरची,’ मी म्हणाले. ‘पण सात वर्षं झाली, आता इथलीच.’

ते क्षणभर थांबले. ‘आमचे वडील पण बाहेरूनच आले, विजापूरहून,’ म्हणाले आणि डिपॉझिटचं बोलायला लागले. आता त्या घराची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. की-चेनला लाकडी डोडो.

जाणार असाल तर...

कधी? मे ते नोव्हेंबर हवा छान, कोरडी. जानेवारी ते मार्च वादळांचा काळ, टाळा.

काय चुकवू नका? पोर्ट लुईचा बाजार आणि आप्रवासी घाट. ल मॉर्नचा चढ गाइड घेऊनच करा. माएबूरजवळच्या ईल ओ एग्रेत या छोट्या बेटावर जुनं जंगल, अजस्र कासवं आणि गुलाबी कबुतरं जपलेली आहेत.

काय खाल? रस्त्यावरची धोल पुरी. आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची चुलत बहीण. नेहमी जोडीने मिळते, त्यामुळे ‘एकच द्या’ म्हणू नका.