हरलेला सामना

काही वाद निकाल लागण्यासाठी नसतातच. दहिवलीला आमच्या घरी पावसाळ्यात वीज गेली, की ओटीवर जो वाद पेटतो, तो या जातीचा. विषय ठरलेला : वानखेडे स्टेडियमवरचा सर्वांत अविस्मरणीय सामना कोणता?

वास्तविक दहिवली कुठे, वानखेडे कुठे! उल्हास नदीवरचा पूल ओलांडून कर्जत स्टेशन गाठायचे, दोन-सव्वादोन तास लोकलमध्ये काढायचे आणि बोरीबंदरहून पुढे पायपीट करायची. तरी आमच्या घरात त्या मैदानाबद्दल असे बोलतात, की ते जणू आमच्या परसातच आहे.

पहिला मान आजोबांचा. ते मुंबईला छापखान्यात नोकरीला होते. वानखेडेवरचा पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये झाला, तेव्हा ते एक दिवस रजा टाकून गेले होते. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा कुटल्या. त्याचे द्विशतक होताच एक पोरगा अभिनंदन करायला मैदानात धावला, पोलिसांनी त्याला चोपले आणि प्रेक्षक असे खवळले, की खेळ थांबवावा लागला. "हरलो आपण, पण लॉइड पाहिला!" आजोबांचा समारोप ठरलेला.

मग माझी पाळी. २ एप्रिल २०११. श्रीलंकेच्या २७४ धावा, गंभीरच्या ९७, धोनीच्या नाबाद ९१ आणि तो शेवटचा षटकार. अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक परत घरी आला! धाकटी बहीण २०२३ च्या मॅक्सवेलचे नाव घेते. ऑस्ट्रेलियाचे ७ गडी ९१ धावांत गारद, याच्या पायांत गोळे आलेले, आणि तरी पठ्ठ्याने नाबाद २०१ धावा करून अफगाणिस्तानच्या हातून सामना काढून घेतला.

बाबा मात्र दरवेळी एकच सामना सांगतात : मे १९९१ मधला रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध कपिलदेवचा हरियाणा.

गेल्या पावसाळ्यात माझी जीभ जरा सैल सुटली. मी म्हणालो, "बाबा, रणजीचा सामना, तोही घरच्या मैदानावर हरलेला! त्यात आठवण्यासारखे काय आहे?"

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग आजोबांकडे पाहून म्हणाले, "अण्णा, तुम्ही शब्द टाकला होतात, ती नोकरी. त्या दिवशी दुपारी मुलाखत होती. सकाळची लेखी परीक्षा झाली, मधे वेळ होता, म्हणून वानखेडेवर डोकावलो. जिंकायला ३५५ हव्या होत्या आणि ३४ धावांत तीन गडी गेलेले. मग सचिन आणि वेंगसरकर जमले. सचिन ९६ वर गेला, वेंगसरकर उभाच. मुलाखतीची वेळ झाली. मी उठलो, परत बसलो. शेवटी कुरुविला धावचीत झाला. वेंगसरकर १३९ वर नाबाद, आणि मैदानातच रडत होता. मी घरी येऊन सांगितले, निवड झाली नाही म्हणून."

त्यानंतरची तीन वर्षे बाबा बेकार होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. का, ते त्या रात्री कळले. कौलांवर पाऊस वाजत होता. आता आजोबा काय बोलतात, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. शब्द टाकायला तेव्हा ते कोणाकोणाच्या दारी उभे राहिले असतील!

आजोबांनी अडकित्ता खाली ठेवला. "किती धावा कमी पडल्या म्हणालास?"

"दोन."

"दोनच?" आजोबा अंधारात थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मधेच उठून कसा येणार होतास तू!"

पुढे कोणीच काही बोलले नाही. वीज आली, तेव्हा बाबा डोळे पुसत होते आणि आजोबा सुपारी कातरत होते.

धावफलकावर खेळणाऱ्यांनी काय कमावले, काय गमावले, ते लिहिलेले असते. पाहणाऱ्यांचा हिशेब कुठेच मांडलेला नसतो. माझ्या २०११ च्या सामन्यासाठी मी दिले काय? शेजाऱ्यांच्या टी.व्ही.समोर मांडी घालून दोन तासांची झोप!

वाद अजूनही होतो. मी अजूनही २०११ चेच नाव घेतो. पण हल्ली बाबा "१९९१" म्हणाले, की मी हरकत घेत नाही.