गावदेवीचा कातळ

साताऱ्याकडचे मामा आमच्याकडे अंधेरीला आले, की त्यांना काय दाखवावे हा प्रश्न ठरलेलाच. गेल्या आश्विनात मी म्हटले, "मामा, चला, तुम्हांला डोंगर दाखवतो."

"मुंबईत? आणि डोंगर?" मामा हसले. सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्म काढलेला माणूस. त्याने हसावे हे रास्तच होते.

स्टेशनच्या पश्चिमेला गल्ल्याबोळांतून वळत गेले, की इमारतींच्या मागून गिल्बर्ट टेकडी एकदम समोर उभी ठाकते. टेकडी कसली, काळ्या बसाल्टचा सुळकाच तो! उंची जेमतेम २०० फूट, पण कडे ताशीव. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आणि तिथवर खडकात खोदलेल्या पायऱ्या.

हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. दख्खनवर लाव्ह्याचे थर साचले, त्या सुमाराचा. तप्त रस निवताना आकसतो आणि आकसताना तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळून भेगाळतो ना, तसेच. फक्त इथे भेगा खोलवर सरळ उतरत जातात आणि पाचकोनी, सहाकोनी खांब सुटे होतात. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच खांबांचा 'डेव्हिल्स टॉवर' आहे; १९०६ साली तो त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक ठरला. आमच्या कातळाला महापालिकेने वारसा म्हणून मान दिला तो २००७ साली. तोवर भोवतालचा बराचसा खडक खडी होऊन गेला होता. (आमच्या चाळीच्या पायातही त्यातली थोडी असेल, कोण जाणे!)

मामा पायथ्याशी थबकले. एका भेगेवरून त्यांनी तळहात फिरवला. तरुणपणी ते खाणीवर मुकादम होते.

"हा दगड लई सोपा," ते हळूच म्हणाले. "फटीत पहार घातली, की खांबच्या खांब सुटतोय बघा."

खाणवाल्यांना हीच टेकडी का आवडली, ते मला तेव्हा कळले. वर्गात मी या कातळाचे वर्णन किती वेळा केले होते. भेगांकडे या नजरेने कधी पाहिले नव्हते.

पहारी आता थांबल्या आहेत, पाऊस थांबलेला नाही. जवळच्या सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला. एरवीही वर्षाकाठी २,००० मिलिमीटरच्या वरच. ते पाणी फटींत शिरते, माती धुऊन नेते. मग झाडांची मुळे तिथे घुसतात आणि पाचरीसारखी दगड रेटतात. पायथ्याला तर घरे अगदी खेटून आहेत.

वर वारा मोकळा होता. मामांनी देवीपुढे नारळ फोडला, आणि मग कितीतरी वेळ ते खालची पत्र्याची छपरे न्याहाळत उभे राहिले.

"पुढच्या खेपेला तुझ्या मामीला आणतो," उतरताना ते म्हणाले. "पण पावसाळ्यात नको."