कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. शिक्रापूर-तळेगावच्या बाजूला हे वाक्य लहानपणापासून कानावर पडतं, आणि हल्ली ते मला सोडत नाही. कुणी रचलं असेल ते? कोर्टात जाऊन हरलेल्याने, की दाराशीच न गेलेल्याने? जिंकलेल्याने नक्कीच नाही, असं मला वाटायचं. आता तेही ठामपणे म्हणवत नाही. समोरचा घरीच बसला तर सोय कुणाची होते?

आमच्याच शिरूर तालुक्यात, करड्याला, कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांचं घर दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात घेतलं आणि पाडायला काढलं. १८७४ च्या डिसेंबरात गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. कर्जाचं मूळ आधीचं होतं. तिकडे अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालली तेव्हा इकडच्या कापसाला भाव आला होता, सावकाराचा हात सैल सुटला होता. लढाई संपली, भाव पडला, कर्ज राहिलं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचं आयुष्य तीन वर्षांवर आलेलं, म्हणून दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिसळून नवं खत लिहायचं आणि खाली कुणब्याने नांगराची निशाणी करायची. पुढे दावा लागे, कुळ कोर्टात जात नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होई. म्हणजे कुळांनी म्हण पाळली होती! १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, तो शिरूरच्या गावांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षा खतांवर होता. जाळले ते कागद.

त्याच वर्षांत पुण्यात एक वकील कागद जमवत होता. गणेश वासुदेव जोशी, साताऱ्याचे, जन्म १८२८ चा, लोकांचे सार्वजनिक काका. २ एप्रिल १८७० ला त्यांनी सार्वजनिक सभा उभी केली. तिचा एक नियम मला थक्क करतो: सभासद व्हायचं तर किमान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणायचा. वकीलपत्राशिवाय वकिलाला कोर्टात तोंड उघडता येत नाही, मग लोकांच्या वतीने सरकारशी बोलणाऱ्याला ते कसं चालेल? त्या काळात, मतपेटी दूरदूर नसताना, हे सुचावं याचं मला फार मोल वाटतं. दिल्लीच्या १८७७ च्या दरबारात खादी घालून गेलेले काका सगळ्यांना आठवतात. मला हे मुखत्यारनाम्याचे काका जास्त मोठे वाटतात.

पण सभेत सरदार होते, इनामदार होते, वकील होते, सावकारही होते. नांगराची निशाणी करणाऱ्याच्या वतीने बोलणारे आणि त्याच्याकडून वसूल करणारे एकाच बैठकीत. इथे माझं कौतुक अडखळतं.

काकांनी लवाद कोर्टंही काढली. आपली भांडणं आपण मिटवावीत, खर्च वाचावा, वैर वाढू नये. पोट कोर्टावर असलेल्या माणसाने लोकांना पायरीवरून परत फिरवायचं! पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलालाच बाजूला केलं.

त्याच १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांनी इंग्रजांविरुद्धच्या बंडासाठी पहिला दरोडा घातला तो धामारीला, इथून फार दूर नाही. ते पकडले गेले, राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बाजूने काका उभे राहिले. लवादवाले काका पायरी चढले, आणि तीही हरण्याची खात्री असताना. जन्मठेप झालीच. पुढच्या वर्षी, २५ जुलै १८८० ला, काका गेले.

आज नगर रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आहे आणि भावकीभावकीत वाटणीचे दावे आहेत. वडीलधारे म्हणतात, घरातलं घरात मिटवा. काकांनीही हेच सांगितलं असतं, असं मी धरून चाललो होतो. पण मिटवायला बसणारा माणूस गावातला वजनदारच असतो, आणि बहिणीचा हिस्सा त्या बैठकीत बहुतेक वेळा हक्कसोडपत्रावरच्या सहीत संपतो. तिला मी काय सांगू? घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, कोर्टात जा म्हटलं तर तारखांत तिची वर्षं जातील, नको म्हटलं तर मी करड्याच्या सावकाराच्या बाजूचा होतो. फडक्यांसाठी उभे राहिलेले काका तिला जा म्हणाले असते असं वाटतं, आणि लगेच लवादवाले काका आठवतात.