शून्य रुपयांचं तिकीट

माझं मराठी कॉन्व्हेंटचं. 'अडुसष्ट' म्हणजे किती, हे कळायला मला अजूनही दोन सेकंद लागतात. मी मराठी विभागासाठी लिहितोय हे ऐकून आमची अख्खी विंग हसली. पण ही गोष्ट मराठीतच घडली, म्हणून मराठीतच लिहितो. शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!

तर झालं असं. पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली होती. मेणबत्ती लावून आम्ही चौघं 'ट्रॅव्हलर' खेळत होतो. हा खेळ १९७७ साली अमेरिकेत मार्क मिलर यांनी काढला. यात पट नाही, स्क्रीन नाही. एकजण रेफरी होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे पात्रं होतात आणि अडलं की फासे टाकतात. सीनियरकडून पीडीएफ मी आणली, म्हणून रेफरी मी. बाकी तिघांचं एक छोटं मालवाहू अंतराळयान. कॅप्टन होता आमचा 'मुरबाड'. (हॉस्टेलमध्ये नावानं कोण कुणाला हाक मारतो?)

पुस्तकात प्रवासी नेण्याचे नियम आहेत, अगदी एसटीसारखे. हाय पॅसेजचं तिकीट १०,००० क्रेडिट : स्वतंत्र खोली, चांगलं जेवण, दिमतीला माणूस, १,००० किलो सामान. मिडल पॅसेज ८,००० : खोली मिळते, सामान १०० किलो, पण ऐनवेळी हायवाला आला तर तुम्ही खाली उतरायचं. आणि लो पॅसेज फक्त १,००० : सामान १० किलो आणि तुम्हाला पेटीत गोठवून झोपवतात. एका उडीला आठवडाभर लागतो. मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे. पाच किंवा जास्त पडले तर माणूस उठतो.

"आणि नाय पडले तर?" मुरबाडनं विचारलं.

"तर... मरतो."

इंग्रजीत हे मी दहा वेळा वाचलं होतं आणि मला भारी वाटलं होतं. मराठीत तो शब्द तोंडातून धाडकन पडला.

पुढे लॉटरीचा नियम सांगितला. झोपण्याआधी या प्रवाशांनी आपल्यातले किती वाचतील याचा अंदाज करायचा. प्रत्येकाच्या तिकिटातले १० क्रेडिट एकत्र ठेवायचे. ज्याचा अंदाज सर्वांत जवळ, त्याला सगळे पैसे. तोच मेला, तर पैसे कॅप्टनला.

लातूर हसला. मुरबाड हसला नाही. त्यानं असाइनमेंटचा मागचा कागद घेतला आणि गणित मांडलं. दोन फाशांचे ३६ प्रकार, त्यातल्या ६ मध्ये चार किंवा कमी. म्हणजे सहा माणसांत एक जाणार. आमच्या यानात पेट्या २०. यानाच्या कर्जाचा हप्ता डोक्यावर. पेट्या भरल्या तर २०,००० क्रेडिट हातात, आणि तीन-चार माणसं मेलेली.

"चांगला डॉक्टर असला तर?" त्यानं विचारलं. आमच्याकडे नियमापुरता शिकाऊ डॉक्टर होता. हुशार डॉक्टर असला तर फाशात एक मिळवता येतो. मग बारात एक. मुरबाडनं हप्ता थकवून जास्त पगाराचा डॉक्टर घेतला. लॉटरी बंद केली. आणि मला म्हणाला, "आता वीस जणांची नावं सांग."

"अरे, नावं कशाला? नुसते लो पॅसेंजर आहेत."

"नावं सांग."

मी एकेक नाव रचत गेलो, तो लिहीत गेला. मग वीस वेळा फासे टाकले. दोघं उठले नाहीत. त्यानं त्या दोन नावांवर रेघ मारली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. खेळ तिथेच थांबला.

बऱ्याच वेळानं तो बोलला. लहानपणी दिवाळी झाली की त्याचे आईबाप वाडीतल्या लोकांबरोबर वीटभट्टीवर जायचे. उचल आधीच घेतलेली असायची. रात्री टेंपो यायचा. भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरं, सगळं मागे एकत्र. तो पोत्यावर झोपायचा आणि जाग यायची ती भिवंडीकडच्या कुठल्याशा भट्टीवर. "आम्ही किती माणसं चढलो, ते कधी कुणी मोजलं नाय," तो म्हणाला. "विटा मात्र रोज मोजायचे."

आम्ही कुणीच काही बोललो नाही. माझं बोट अजून पीडीएफमधल्या 'लो पॅसेज'च्या ओळीवर होतं.

त्या रविवारी मी आजीला घेऊन शहापूरहून किन्हवलीच्या एसटीत बसलो. आजी ७८ वर्षांची. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, हे मला माहीत होतं. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, मशीन दाबलं आणि तिच्या हातात तिकीट दिलं. रक्कम शून्य.

"पैसे नाहीत, मग तिकीट कशाला?" मी उगाच विचारलं.

"गाडीत माणूस आहे ना? मग तिकीट फाटणारच," कंडक्टर म्हणाला आणि पुढच्या सीटकडे वळला.

एसटीचे दर आणि नियम मला लहानपणापासून कंटाळवाणे वाटत आले. अर्धं तिकीट, सामानाचं तिकीट, महिलांना निम्मं भाडं, कुणासाठी कुठली सीट राखीव... पण पंधरा रुपयेवाला असो की शून्य रुपयेवाला, तो मोजला जातो. पुस्तकातल्या त्या यानात तिकीट पुरतं १,००० चं असूनही मोजायचं ते फक्त पैज लावायला.

आजीनं ते तिकीट नीट दुमडून बटव्यात ठेवलं. मी म्हटलं, "अगं, टाकून दे." ती म्हणाली, "राहू दे की, माझ्या नावचं आहे."

तिकिटावर नाव नसतं, हे मी तिला सांगितलं नाही.

आमचा खेळ अजून चालू आहे. यानाचे तीन हप्ते थकलेत, बँकेची माणसं मागावर आहेत. मुरबाडच्या खिशातल्या यादीत आता चौसष्ट नावं झालीत. चौसष्ट म्हणजे किती, हे या वेळी मला लगेच कळलं.